तीन महिन्यांची साखर

बुधाजी गमरे यांनी एकतीस वर्षं लोअर परळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवली. लोखंडाचा तुकडा मशीनवर फिरवायचा आणि केसाइतकाही फरक न ठेवता मापात आणायचा, हे त्यांचं काम. पुढे वर्कशॉप बंद पडलं, त्या जागी काचेची इमारत उभी राहिली आणि बुधाजी घरी बसले. मापाची सवय मात्र सुटली नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हा ते घाबरले नाहीत. डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "साखर किती पाहिजे ते सांगा. तेवढ्यात बसवतो."

आणि बसवली. सकाळी उपाशीपोटी एकशे वीसच्या आत, जेवणानंतर दोन तासांनी दीडशेच्या आसपास. चहातली साखर गेली, भात एका मुदीवर आला. चौदा एप्रिलला चाळीत लाडू वाटले जायचे, तेव्हा आपल्या वाट्याचा लाडू ते शेजारच्या पोराच्या हातावर ठेवायचे आणि वर त्याला दम द्यायचे, "दात घास रे रात्री."

त्यांची बायको कौसल्या बालवाडीत शिकवून निवृत्त झाली होती. आठवड्यातून दोनदा ती घरच्या ग्लुकोमीटरवर त्यांचं बोट टोचायची आणि आकडा वहीत लिहायची. तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, सगळं. अक्षर फळ्यावर काढावं तसं टपोरं. मुलगी आकांक्षा कधी वही चाळून म्हणायची, "आई, पप्पांना तू गुण दिल्यासारखी लिहितेस." कौसल्याला ते आवडायचं. नवऱ्याचा आजार असा दोघांनी मिळून आटोक्यात ठेवला होता याचा तिला मनातून अभिमान होता.

जानेवारीत त्या अभिमानाला तडा गेला.

लालबागचे डॉक्टर अभय दळवी त्यांचे वीस वर्षांचे फॅमिली डॉक्टर. वर्षातून दोनदा ते तिन्ही तपासण्या करायला सांगत: उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तिसरी ती एचबीएवनसी, जिला चाळीत सगळे 'तीन महिन्यांची टेस्ट' म्हणत. त्या दिवशी त्यांनी रिपोर्ट हातात घेतला.

"उपाशीपोटी एकशे बारा. जेवणानंतर एकशे शेहेचाळीस. झकास काका." त्यांनी पान उलटलं आणि ते थांबले. "हे काय? एचबीएवनसी आठ पॉइंट एक? मागच्या वेळी सहा पॉइंट नऊ होती."

"म्हणजे वाढली?" कौसल्याने विचारलं.

"चांगलीच वाढली. बघा, रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटत असते. पेशी जगते साधारण तीन महिने. म्हणून किती साखर चिकटली ते मोजलं की तीन महिन्यांची सरासरी कळते. सकाळची साखर काय, माणूस दोन दिवस तोंड आवरतो आणि चांगली आणून दाखवतो. माझे निम्मे पेशंट तेच करतात. पण या टेस्टला फसवता येत नाही." डॉक्टर गालात हसले. "काका, मागच्या दाराने काही चालू आहे का?"

"नाही."

"लाडूबिडू? जिलेबी?"

"नाही म्हटलं ना." बुधाजींचा आवाज चढला नाही, पण ताठ झाला. "आणि डॉक्टर, एकाच नगाची दोन मापं वेगळी येत असली ना, तर आम्ही आधी माप तपासायचो. नग भंगारात टाकत नव्हतो."

"लॅबचं मशीन आहे काका, चूक नाही करत ते. महिनाभर पथ्य कडक ठेवा, मग गोळीचं बघू."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बुधाजी रस्ताभर लॅब कशी चुकली असेल ते सांगत होते. कौसल्या हुं हुं करत चालली होती. तिच्या डोक्यात एकच वाक्य घर करून बसलं होतं, की या टेस्टला फसवता येत नाही. मग फसवलं जात होतं ते कुणाला? आठवड्यातून दोनदा वही घेऊन बसणाऱ्या बाईला?

दुसऱ्या दिवसापासून तिने बोट टोचायच्या वेळा बदलल्या. कधी दुपारी झोपेतून उठल्या उठल्या, कधी संध्याकाळी ते बाहेरून आल्यावर दारातच. बुधाजी काही न बोलता हात पुढे करायचे. एकशे अठरा. एकशे एकोणचाळीस. एकशे एकावन्न. एकशे नऊ. आकडे सगळे बरे यायचे आणि आकडा बरा आला की तिला बरं वाटण्याऐवजी संशयच वाढायचा. माणूस सावध झालाय, ती मनात म्हणायची. नाहीतर हे घरचं यंत्रच जुनं झालं असेल. तिने साखरेचा डबा आणि गुळाची ढेप उचलली आणि शेजारच्या कमलच्या घरी नेऊन ठेवली.

"आई, घरात चोर असल्यासारखं काय करतेस?" आकांक्षा चिडली. ती लोअर परळलाच एका ऑफिसात कामाला होती, सकाळी जायची ती सातनंतर यायची. "पप्पा खोटं बोलत नाहीत गं."

"मी कुठे म्हणते खोटं बोलतात?"

"मग साखर कमलमावशीकडे कशाला?"

कौसल्या ताटं वाढायला उठली. तिला इतरही गोष्टी दिसत होत्या. बुधाजी हल्ली दुसऱ्या मजल्यापर्यंत येताना मधल्या वळणावर थांबायचे आणि तिथल्या नोटीसबोर्डवरचा महिन्यापूर्वीचा कागद पुन्हा पुन्हा वाचायचे. चेहरा फिकट दिसायचा, ओठ कोरडे. साखर वाढली की असंच होत असणार, तिने ठरवून टाकलं.

अशात एक दिवस नळावर कमल सहज बोलून गेली. कमल मालवणची, जिभेवर काही न ठेवणारी. "भावजी काय गो रोज संध्याकाळी त्या मिठाईवाल्याकडे उभे असतत? माका वाटला, साखर असा ना त्यांका?"

कौसल्याच्या हातातली बादली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

त्याच संध्याकाळी पाचला बुधाजी नेहमीसारखे म्हणाले, "जरा फिरून येतो." ते जिना उतरेपर्यंत ती थांबली, पायात चपला सरकवल्या आणि मागोमाग निघाली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या मागे असं लपतछपत ती कधी गेली नव्हती. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं याचाच विचार ती करत होती. बुधाजी हळूहळू चालत होते, किंचित उजव्या बाजूला झुकून. नाक्यावर आधी मिठाईचं दुकान, त्याला लागून औषधांचं, आणि पुढे चहाची टपरी. कौसल्या रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला एका पानवाल्याच्या आडोशाला उभी राहिली. मध्ये बेस्टची बस येऊन थांबली, माणसं चढली उतरली. बस हलली तेव्हा बुधाजी मिठाईच्या काचेपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी हात तोंडाकडे नेला. मग टपरीवरून पाण्याचा पेला घेऊन घटाघटा प्याले आणि रुमालाने तोंड पुसलं.

बालवाडीत असताना तिने किती मुलांना असं तोंड पुसताना पकडलं होतं. ती आल्या पावली परत फिरली.

ते घरी आले तेव्हा ती भाकरीचं पीठ मळत होती. वर न बघताच तिने विचारलं, "बाहेर काही खाल्लंत?"

"नाही. काय खाणार?"

"काहीच नाही?"

"पाणी प्यालो टपरीवर." हे म्हणताना ते जमिनीकडे बघत होते. काही लपवायचं असलं की ते असंच खाली बघतात, हे तिला अडतीस वर्षांत पुरेपूर ठाऊक झालं होतं. तिने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणात कदाचित खरं बाहेरही आलं असतं. पण तिला राग आला होता, आणि राग आला की ती गप्प बसणारी बाई होती.

महिना भरल्यावर दोघं पुन्हा डॉक्टर दळवींकडे गेले. डॉक्टरांनी पथ्याचं विचारलं, बुधाजी म्हणाले, सगळं सांभाळतोय. तेव्हा कौसल्याच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, हे बाहेर खातात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

बुधाजींनी तिच्याकडे बघितलं. बाकावर आणखी दोन पेशंट बसले होते, तेही बघायला लागले. बुधाजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि ते गप्प राहिले याचा डॉक्टरांनी आणि कौसल्यानेही एकच अर्थ घेतला.

"होतं काका, जीभ आहे शेवटी," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "पण मग मला गोळी वाढवावी लागेल." त्यांनी सकाळच्या गोळीचा डोस दुप्पट केला.

रस्त्यावर आल्यावर बुधाजी म्हणाले, "चार माणसांत बोललीस. मला आधी विचारायचंस."

"विचारलं होतं."

घरापर्यंत दोघं एकापाठोपाठ एक चालत आले.

त्यानंतर त्या दहा बाय बाराच्या खोलीत अबोला शिरला. बुधाजींनी कुणाला काही म्हटलं नाही, फक्त जेवण कमी केलं. आधी भात सोडला. मग दोन भाकऱ्यांची एक, एकीची अर्धी. कौसल्या ताटात वाढायला गेली की ताटावर हात आडवा धरायचे. "नको. आता तर कुणी म्हणणार नाही ना, की बुधाजी खातो." आकांक्षाने दोघांनाही समजावून बघितलं आणि शेवटी हात टेकले. गोळी मात्र ते रोज सकाळी न चुकता घ्यायचे, दुप्पट झालेली.

अकराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला कौसल्या बाहेर गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. आतून बुधाजींचा आवाज आला. कुणाशी बोलतायत म्हणून ती उठून बघायला गेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बुधाजी खाटेवर बसून शर्टाची बटणं लावत होते आणि वरचं बटण खालच्या काजात घालत होते. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"कुठे निघालात?"

"सेकंड शिफ्ट आहे. उशीर झाला." त्यांनी तिच्याकडे बघितलं, पण तिला ओळखल्यासारखं बघितलं नाही. "माझा मापाचा व्हर्नियर कुणी घेतला?"

"अहो, कुठली शिफ्ट? काय बोलताय?" तिने त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार आणि थरथरत होता. सवयीने तिने ग्लुकोमीटर काढला, पट्टी लावली, बोट टोचलं. पडद्यावर आकडा आला: सेहेचाळीस.

सहा वर्षांत तिने वहीत तसला आकडा लिहिला नव्हता. पण काय करायचं ते तिला पाठ होतं, डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. साखर कमी झाली तर लगेच साखर द्यायची. ती कपाटाकडे धावली आणि कपाट उघडून तशीच उभी राहिली. घरात साखरेचा कण नव्हता. गूळ नव्हता. बिस्किटाचा पुडाही तिने ठेवला नव्हता.

"कमल!" ती गॅलरीत येऊन ओरडली. "कमल, साखर आण!"

कमल डबा घेऊनच धावत आली, कौसल्याचाच डबा. "काय झाला गो? बाये, ह्यांका घाम बघ केवढो!" तिने पेल्यात पाणी ओतलं, चार चमचे साखर ढवळली. बुधाजी मान फिरवायला लागले. "साखर नको. बायको ओरडेल."

ते ऐकून कौसल्याचा धीर सुटला. तिने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि घोट घोट करत पाणी पाजलं. "मीच देतेय. प्या. मी देतेय ना, प्या तुम्ही."

पाव तासाने आकडा एकाहत्तर झाला. बुधाजींनी डोळे चोळले आणि विचारलं, "कमलवैनी कशा काय आल्या?" कमलने तोवर आकांक्षाला फोन लावला होता आणि खाली जाऊन टॅक्सीही थांबवली होती.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं. गोळीचा अंमल अंगात बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दर तासाला तपासावी लागेल, असं नर्सने सांगितलं. हाताला सलाईन लागलं. आकांक्षा ऑफिसातून थेट आली. साडेसहाच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर खाटेपाशी आली, डॉक्टर माया तोडणकर. तिने फाईल वाचली, मग बुधाजींच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. जीभ बघितली. नखं बघितली.

"काका किती दिवसांपासून इतके पांढरे पडलेत?"

"दोन-तीन महिने झाले असतील," कौसल्या म्हणाली. "साखर वाढलीय ना, त्याने."

"साखरेने माणूस पांढरा पडत नाही, मावशी. जिने चढताना धाप लागते का?"

"लागते," बुधाजी म्हणाले. कौसल्याला नोटीसबोर्डवरचा तो जुना कागद आठवला.

रक्ताचा रिपोर्ट दीड तासात आला. हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा. असायला हवं तेराच्या वर. डॉक्टर मायाने तो कागद आणि दळवींकडचा जुना रिपोर्ट शेजारी शेजारी धरला. "गोळी का वाढवली?"

"तीन महिन्यांची टेस्ट आठ पॉइंट एक आली होती," कौसल्या म्हणाली.

"आणि घरचे आकडे? काही लिहून ठेवलेत?"

आकांक्षाने येताना आईची वही पिशवीत टाकून आणली होती. डॉक्टर माया खाटेच्या कडेला टेकली आणि एकेक पान वाचायला लागली. कौसल्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. निरीक्षणाला आलेल्या सुपरवायझरबाई तिची बालवाडीतली वही बघायच्या, तेव्हा व्हायचं तसंच धडधडत होतं.

"इतकी व्यवस्थित वही मी आजवर बघितली नाही," डॉक्टर माया शेवटी म्हणाली. "मावशी, ऑक्टोबरपासून जवळजवळ चाळीस आकडे आहेत. सकाळचे, दुपारचे, अचानक घेतलेले. त्यात एकसुद्धा असा नाही की ज्याने एचबीएवनसी आठच्या वर जाईल. तुम्हाला शंका नाही आली?"

"आली ना," कौसल्या हळूच म्हणाली. "ह्यांच्यावर आली."

डॉक्टर मायाने वही मिटली. मग तिने समजावून सांगितलं. ती टेस्ट लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते, हे खरं. पण शरीरातलं लोह कमी झालं की नव्या पेशी नीट तयार होत नाहीत, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात आणि त्यांच्यावर साखर साचत जाते. मग खरी साखर तेवढी नसतानाही आकडा फुगून येऊ शकतो. "लॅब चुकली नाही. टेस्टही चांगलीच आहे, आम्ही रोज करतो. पण ती ज्या रक्तावर करायची ते रक्तच बिघडलेलं असेल तर तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवायचा नसतो. हिमोग्लोबिन सोबत बघायला हवं होतं. मी आणखी एक टेस्ट पाठवते, फ्रुक्टोसामाइन. ती लाल पेशींवर अवलंबून नसते. पण ती गेल्या दोन-तीन आठवड्यांचंच सांगेल. त्याच्या मागचं सांगायला तुमची ही वहीच आहे."

बुधाजी उशीवरून म्हणाले, "मी म्हणालो होतो. आधी माप तपासा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. थकलेला माणूस खरं तेवढं बोलतो, तसं ते बोलले. कौसल्याने पदराने डोळे टिपले.

"पण काका, आता मला तुम्ही खरं सांगा," डॉक्टर मायाने खुर्ची पुढे ओढली. "एवढं रक्त कुठेतरी जातंय. शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

बुधाजींनी चादरीचं टोक ओढून घेतलं.

"होतं का?"

"होतं. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून?" आकांक्षा ओरडलीच. "पप्पा!"

"दुखण्याच्या गोळ्या घेता? सांधेदुखी, डोकेदुखी, कशाच्याही?"

बुधाजींनी नजर खाली नेली. या वेळी कौसल्याने ती खाली जाताना बघितली. हीच नजर तिने त्या संध्याकाळी बघितली होती.

"गुडघ्यासाठी," ते म्हणाले. "रोज एक. थंडीत दोन. नाक्यावरच्या मेडिकलमधून. उपाशीपोटीच घ्यायचो बऱ्याचदा, पाण्याबरोबर."

मिठाईच्या दुकानाला लागून औषधांचं दुकान होतं. बस मध्ये आली होती. कौसल्याला तो नाका पुन्हा सगळाच्या सगळा दिसला, आणि आपण तिथे काय बघितलं आणि काय बघायचं ठरवूनच गेलो होतो, तेही दिसलं.

पुढचे चार दिवस धावपळीत गेले. दोन बाटल्या रक्त चढवलं. तोंडातून नळी घालून पोट तपासलं, त्यात जठरात जखम सापडली. गोळ्यांनी झालेली, हळूहळू वाहणारी. कॅन्सरबिन्सर काही नाही, असं डॉक्टर माया स्वतः येऊन सांगून गेली तेव्हा आकांक्षा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडली. नवी टेस्ट आली, साखर ताब्यात होती. वाढवलेली गोळी बंद झाली, दुखण्याच्या गोळ्या तर कायमच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला आलेली माणसं गेल्यावर, कौसल्या खाटेपाशी मोसंबं सोलत बसली होती. बुधाजी छताकडे बघत म्हणाले, "तू मागून आली होतीस त्या दिवशी."

"आले होते."

"मला वाटलंच, दवाखान्यात बोललीस तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी चार माणसांत तुम्हाला खोटं ठरवलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. गुडघ्याची गोळी घेतो, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला, थांबला.

"संघर्ष गणपतीत आला होता, आठवतं?" संघर्ष त्यांचा थोरला मुलगा, बदलापूरला राहायचा. "तो काय म्हणाला? पप्पांना जिना झेपत नसेल तर दोघं इकडे या, लिफ्ट आहे. चांगल्या मनाने म्हणाला पोरगा. पण मी जन्मलो त्या चाळीत. तिथे बदलापूरला दिवसभर मी कुणाशी बोलू? म्हटलं, दुखतं म्हणालो की हलवतील. म्हणून गोळी घ्यायचो आणि चालून दाखवायचो."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"तेच म्हणतो."

कौसल्याला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यावरच मोडलं. "मला जायचंय बदलापूरला, असं कुणी सांगितलं तुम्हाला? मला एकदा तरी विचारलंत?"

"नाही विचारलं."

"मी पण नाही विचारलं. निदान नीट नाही." तिने मोसंब्याची फोड त्यांच्या हातात दिली. "मरता मरता वाचलात तुम्ही. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं? साखर मी नाही खाल्ली, हे खरं. पण सगळं खरं सांगत होतो, असंही नाही ना." त्यांनी फोड तोंडात टाकली आणि चेहरा वाकडा केला. "आंबट आहे."

"साखर लावून देऊ?" ती म्हणाली, आणि मग दोघंही हसले, शेजारच्या म्हाताऱ्याने मान वळवून बघण्याइतके.

घरी आल्यावर आठवड्याने डॉक्टर दळवी स्वतः चाळीचे दोन मजले चढून आले. खुर्चीवर बसले, पाणी प्याले. "काका, तुमच्या डोळ्याची पापणी मी एकदा ओढून बघायला पाहिजे होती," ते म्हणाले. "वीस वर्षांची ओळख, म्हणून वाटलं मी ओळखतो." बुधाजींनी त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवसापासून दळवींच्या दवाखान्यात मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटला साखरेबरोबर हिमोग्लोबिनही करून यायला सांगतात, असं कमल चाळभर सांगत असते.

लोहाच्या गोळ्यांनी बुधाजींच्या तोंडावर हळूहळू रंग आला. धाप गेली. गुडघा मात्र होता तसाच राहिला, उलट गोळी बंद झाल्यावर जास्तच बोलायला लागला. त्याची झीज झालेली होती आणि ती कुठल्या औषधाने भरून येणारी नव्हती. फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा जायचं, मांडीचे व्यायाम करायचे, दुखलं तर शेकायचं, फारच दुखलं तर डॉक्टर सांगतील तेवढंच औषध, असं ठरलं.

मार्चमधल्या एका रविवारी बुधाजींनी स्वतःच फोन घेतला आणि संघर्षला लावला. कौसल्या भाजी चिरत होती. तिने विळी थांबवली नाही, पण कान तिकडेच होते.

"जयभीम. हां, बरा आहे. ऐक, एक सांगायचं होतं." ते थांबले. "माझा उजवा गुडघा गेलाय. दोन वर्षं झाली. हो, दोन. लपवलं मी... नाही, तसं नाही. तिकडे यायचं नाहीये आम्हाला. तुझ्या आईलाही नाही, मी विचारलंय तिला... बघू, पुढे खरंच जमेनासं झालं तर बघू. आत्ता नाही."

पलीकडून संघर्ष बराच वेळ बोलत राहिला. बुधाजी हुं, हुं म्हणत ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते खाटेच्या कडेला बसून राहिले.

"काय म्हणाला?" कौसल्याने विचारलं.

"ओरडला." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पुढच्या रविवारी येतोय. काठी घेऊन येतो म्हणाला."

"दुखतंय का आत्ता?"

बुधाजींनी तिच्याकडे बघितलं. सवयीने त्यांच्या ओठांवर 'नाही' आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"दुखतंय," ते म्हणाले. "बरंच दुखतंय."

कौसल्याने विळी मिटून बाजूला ठेवली आणि शेकायची पिशवी भरायला पाणी गॅसवर चढवलं.